धुऱ्यावरची उमेदवारी

आमच्या धंद्यात लायसन्स नावाची भानगड नाही. तुम्हाला कोड लिहिता येतो असं तुम्ही म्हणायचं, मुलाखत घेणाऱ्याला ते पटलं की झालं काम. उद्या तुम्ही बँकेचं सॉफ्टवेअर लिहा नाहीतर दवाखान्याचं, "आधी परवाना दाखव" असं कुणी म्हणत नाही. त्यामुळे माझा पुतण्या गेले काही महिने फोनवर जो एकच प्रश्न विचारतोय, त्याचं मला जरा कौतुकच वाटतंय. प्रश्न असा: "काका, जमीन मोजायचं लायसन्स काढायचं म्हणलं तर नेमकं काय काय शिकावं लागतंय?"

पुतण्या म्हणजे माझ्या चुलतभावाचा मुलगा. गाव सेनगाव तालुक्यातलं, जिल्हा हिंगोली. पुण्या-मुंबईकडच्या वाचकांसाठी थोडा भूगोल: १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा काढलेला हा जिल्हा. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत आणि औंढा नागनाथ असे पाचच तालुके. औंढ्याचं ज्योतिर्लिंग, नर्सीचे नामदेव महाराज, कयाधू नदी, आणि खळ्यात हळद नाहीतर सोयाबीन. पोराचं वय बावीस. दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा सर्व्हेअर ट्रेड केला. मग हिंगोलीत एका खासगी मोजणीवाल्याकडे दीड वर्ष मदतनीस म्हणून राबला. घरी साडेतीन एकर. बापाला वाटतं पोरानं सरकारी नोकरी धरावी. पोराला वाटतं स्वतःचं यंत्र घ्यावं, स्वतःच्या नावाचा शिक्का असावा. घरात यावरून धुसफूस चालू आहे आणि दोन्ही पार्ट्या मला फोन करतात. पंच म्हणून मला बसवलंय, कारण मी लांब राहतो!

नोकरीचा रस्ता तसा सरळ आहे. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक व्हायचं तर सिव्हिलचा डिप्लोमा लागतो, नाहीतर दहावी आणि आयटीआयचा दोन वर्षांचा सर्व्हेअरचा दाखला. शिवाय टायपिंग, मराठी ३० आणि इंग्रजी ४०. २०२५ च्या ऑक्टोबरात या पदाच्या ९०३ जागांची जाहिरात निघाली होती, अख्ख्या राज्यासाठी. पोरानं फॉर्म भरला. त्याच्या बॅचच्या सगळ्यांनीच भरला, आणि डिप्लोमावाल्यांनी भरला, आणि डिग्री झालेल्या सिव्हिल इंजिनियरांनीही भरला. बाकीचं गणित तुम्हीच करा.

दुसरा रस्ता नवा आहे. त्याच महिन्यात महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी जाहीर केलं की आता खासगी परवानाधारक भूमापक नेमणार, ते मोजणी करतील, आणि महिनोन्‌महिने रखडणारी प्रकरणं ३० दिवसांत निघतील. मोजणी खासगी माणसाची, पण नकाशा प्रमाणित करायचा अधिकार मात्र सरकारी अधिकाऱ्याचाच. (मुंबई महापालिकेचा 'लायसन्स सर्व्हेअर' तो वेगळा हं. तो इमारतींचे नकाशे मंजुरीला टाकतो, धुरा दाखवत नाही.)

शेजाऱ्यांकडे हे आधीच झालंय. कर्नाटकात शेताचा तुकडा विकायचा तर आधी ११-ई नावाचा नकाशा लागतो, आणि तो परवानाधारक सर्व्हेअर काढतात. तेलंगणानं तर २०२५ मध्ये धडाकाच लावला. मे महिन्यात प्रशिक्षण सुरू, ५० दिवसांचा वर्ग, त्यानंतर परीक्षा, मग ४० दिवस सरकारी मोजणीदाराच्या हाताखाली उमेदवारी. ऑक्टोबरात परवाने वाटून मोकळे! हे ऐकून आमचं पोर खूश. "काका, नव्वद दिवस म्हंजी तीनच महिने. मी तर दीड वर्ष काढलंय."

आता अमेरिकेचं बघा. तिकडे बहुतेक राज्यांत कॉलेजचं शिक्षण, वर साधारण चार वर्षं परवानाधारक सर्व्हेअरच्या हाताखाली काम, त्याच्या आधी एक आणि नंतर एक अशा दोन राष्ट्रीय परीक्षा, आणि त्या त्या राज्याच्या कायद्याची परीक्षा वेगळी. म्हणजे एकीकडे चाळीस दिवसांची उमेदवारी आणि दुसरीकडे चार वर्षांची. काम एकच, जमीन मोजायचं. मग एवढा फरक कशाचा? यंत्र चालवायला शिकण्याचा म्हणावा तर तो नाही. रोव्हर नावाचं यंत्र आलंय, काठीवर बसवलेली छत्री दिसते तसं. उपग्रहांचे सिग्नल घ्यायचे, राज्यात जी ७७ कॉर्स स्टेशनं बसवलीत त्यांच्याकडून दुरुस्ती घ्यायची, की दोन-चार सेंटिमीटरच्या आत तुमचा पॉइंट तयार. पोर म्हणतं, आठ दिवसांत कुणालाही शिकवतो. खरं असणार, कारण ते बनवणाऱ्या आमच्यासारख्यांनी मुद्दाम तसं बनवलंय.

बाकीचे दिवस कशासाठी लागतात ते मला कळलं ते पोराच्या 'साहेबां'मुळे. साहेब म्हणजे एक निवृत्त भूकरमापक, त्या खासगी मोजणीवाल्याकडे अधूनमधून येऊन बसणारे. नाव नको, त्यांना आवडणार नाही. पोरानं पहिले सहा महिने काय केलं? काठी धरली, चुन्याची फक्की मारली, खुंट्या ठोकल्या आणि डबे वाहिले. शाळा सुटल्यावर सायकलच्या दुकानात पंक्चर काढायला शिकतात ना, तसंच. सातव्या महिन्यात साहेबांनी त्याच्यासमोर एका जुन्या टिपणाची नक्कल टाकली आणि म्हणाले, "हे काढ कागदावर."

टिपण म्हणजे मूळ मोजणीच्या वेळी शेतात बसून काढलेला कच्चा नकाशा. मधोमध एक पायारेषा, तिच्यावर काटकोनात लंब, आणि प्रत्येकाची लांबी आकड्यात. याला शंकूसाखळीची पद्धत म्हणतात. शंकू काटकोन दाखवायला, साखळी लांबी मोजायला. साखळी ३३ फुटांची आणि तिचे सोळा भाग, प्रत्येक भागाला नाव आणा. पैशातल्यासारखाच, सोळा आण्यांचा रुपया तशी सोळा आण्यांची साखळी! आणि एक साखळी लांब, एक साखळी रुंद असा चौकोन म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. हे आपण सगळे शाळेत घोकतो, पण गुंठा १०८९ च का, हे मला पोरानं सांगितलं. तेहेतीस गुणिले तेहेतीस. इतकं सोपं!

तर टिपणात लिहिलेलं असतं "७ साखळी ९ आणे". पोरानं ते मीटरमध्ये काढलं, ७६.०७. दोन दशांश बघून साहेब हसले म्हणे. "आरे बाबा, ज्यानं हे लिहिलं त्यानं आण्यात मोजलं. एक आणा म्हंजी किती?" दोन फुटांहून थोडा जास्त, ६३ सेंटिमीटर. "मंग तुझं ते शून्य सात कुठून आलं?"

माझ्यातला इंजिनियर इथे ताडकन उठून बसला. कारण हा आमचाच रोजचा प्रॉब्लेम आहे. जुन्या सिस्टिममधला डेटा दोन फुटांच्या अचूकतेचा, नवं यंत्र दोन सेंटिमीटरचं. नव्या यंत्रानं जुना डेटा तपासला की प्रत्येक शेतात फरक निघणारच. शेताची बाजू २०० मीटर असेल तर एका आण्याचा फरक म्हणजे १२६ चौरस मीटर, जवळजवळ सव्वा गुंठा. आता हा सव्वा गुंठा शेजाऱ्यानं कोरलाय की जुन्या साखळीनं खाल्लाय? रोव्हर याचं उत्तर देत नाही. रोव्हर फक्त म्हणतो, तू आत्ता इथे उभा आहेस. हद्द कुठे आहे हे त्याला ठाऊक नसतं.

साहेबांची रीत अशी: आधी जुना दगड शोधायचा. जिथे हद्दीचा दगड मूळ जागी सापडतो तिथे तो आकड्यापेक्षा मोठा. पण आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात हात-हात फाटते आणि पावसात फुगते, त्यात दगड खचतो, कलतो. त्यात रोटाव्हेटर आला, तो दगड उपटून धुऱ्यावर फेकला जातो, आणि मग तो तिथला का इथला कोण सांगणार? म्हणून एका दगडावर विश्वास ठेवायचा नाही, दोन-तीन शेतं सोडून लांबचे पक्के दगड धरायचे आणि तिथून आत यायचं. म्हातारी माणसं विचारायची, पण दोन्हीकडची. बाभूळ, बोर, विहिरीचं तोंड, जुना गाडीरस्ता, सगळं टिपून घ्यायचं. आणि आर व गुंठा एकच समजायचं नाही. गावात सर्रास समजतात. आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठा १०१ च्या थोडा वर. एका हेक्टरात सव्वा गुंठ्याच्या आसपास फरक पडतो आणि तेवढ्यावर लोक कोर्टात गेलेत.

एक प्रकरण पोरानं स्वतः बघितलं. दोन चुलतभाऊ, मध्ये धुरा. अर्ज करण्याआधी अंदाज घ्यावा म्हणून दोघांनी मिळून खासगी मोजणी बोलावली. (अशा मोजणीला कायद्यानं किंमत नाही, पण पुढचं भांडण टळलं तर टळलं.) पोरानं गट नकाशा रोव्हरमध्ये टाकला, उभा राहिला, आणि यंत्रानं दाखवलं की धुरा दोन फूट सरकलाय. एक भाऊ लगेच चढ्या आवाजात बोलायला लागला. साहेबांनी यंत्र बंद करायला लावलं. टिपण काढलं, पलीकडच्या तिसऱ्या शेतातून साखळी चालवत आणली, आणि बोरीच्या बुडाशी खणायला लावलं. अडीच फुटांवर घडीव दगड निघाला. धुऱ्यापासून वीतभर. मग धुरा सरकला होता का? वीतभर. दोन फूट नाही. एक भाऊ गप्प झाला, दुसरा म्हणाला, सरकारी मोजणी आणतोच. तो त्याचा हक्क आहे. सरकारी मोजणी मान्य नसली तर निमताना मोजणी मागता येते, त्याच्यावर पुन्हा सुपर निमताना. म्हणजे आमच्याकडे कोड रिव्ह्यू असतो तसं, फक्त इथे रिव्ह्यू मागणारा कुऱ्हाड घेऊन उभा असू शकतो.

हे चाळीस दिवसांत शिकून होतं का? माझं मत, नाही. आणि त्याचं एक साधं कारण दिवसांच्या संख्येत नाही, तारखेत आहे. मोजणीचा खरा हंगाम सोयाबीन निघाल्यापासून पाऊस पडेपर्यंत. उभ्या पिकात कुणी साखळी ओढू देत नाही. चाळीस दिवस जुलै-ऑगस्टात पडले तर उमेदवारानं ऑफिसात बसून चहा प्यायला एवढंच. त्यामुळे परवान्याच्या आधी निदान एक पूर्ण हंगाम शेतात गेला पाहिजे. त्यात हद्द कायम, पोटहिस्सा, रस्त्याचं भूसंपादन, अशी वेगवेगळी प्रकरणं हाताखालून गेली पाहिजेत, आणि प्रत्येकावर वरिष्ठाची सही. परीक्षेत जुनं टिपण द्यावं आणि ते जमिनीवर उतरवून दाखव म्हणावं. आमच्या मराठवाड्यात तर अजून एक गोम आहे. १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात. सालारजंगांच्या काळात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर इथे मोजणी आली, पण राज्याचा कारभार पुढे उर्दूत. जुना कागद उर्दूत, नाहीतर मोडीत. हा कागद वाचणारी माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत, आणि त्यांच्याबरोबर एक हंगाम काढायचा तर तो लवकर काढावा लागेल.

उमेदवारीची ही कल्पना काही माझी नाही. १७९४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं मद्रासला सर्व्हेची शाळा काढली ती आठ मुलांवर. तीच पुढे वाढत गिंडीचं इंजिनियरिंग कॉलेज झाली. तिथे पोरं वर्गात थोडी आणि शेतात जास्त शिकायची. भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारा लॅम्बटन १८२३ मध्ये हैदराबादहून नागपूरकडे जाताना वर्ध्याजवळच्या हिंगणघाटला वारला, काम करता करता. त्याच्या हाताखाली तयार झालेला एव्हरेस्ट पुढे ते काम हिमालयापर्यंत घेऊन गेला. म्हणजे ज्याच्या नावानं जगातलं सगळ्यात उंच शिखर ओळखलं जातं, तोही आधी कुणाचा तरी मदतनीसच!

आणि मोजण्याचं म्हणाल तर हिंगोली जिल्हा आता जगाच्या नकाशावर आलाय. औंढ्याजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहतेय, केंद्रानं एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटींची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरचे दोन सरळ बोगदे, आणि त्यात प्रोटॉनच्या दहा हजाराव्या भागाइतका लांबीतला फरक पकडायचा. चार किलोमीटरवर पृथ्वीची वक्रताच सव्वा मीटरची होते, त्यामुळे ते 'सरळ' बांधायलासुद्धा आधी सर्व्हेअरच लागणार. प्रोटॉन तिकडे, आणि तिथून थोड्या अंतरावर वीतभर धुऱ्यासाठी तीन पिढ्या बोलत नाहीत. दोन्हीकडे मोजणाऱ्या माणसावर विश्वास हवा, बस.

आता पैशाचं. एक हंगाम, एक वर्ष फुकट राबा म्हणायला माझं काय जातं? ज्याच्या घरी पंधरा एकर आहे तोच ते करू शकेल. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ पासून आहे, सर्व्हेअर हा त्यातला मान्य ट्रेड आहे, विद्यावेतनाची तरतूद आहे. परवान्याची उमेदवारी त्याला जोडली तर साडेतीन एकरवाल्याचं पोरही टिकेल. नाहीतर परवाने शहरातल्या ज्यांच्याकडे यंत्र घ्यायला काही लाख आहेत त्यांना मिळतील आणि आमची पोरं त्यांच्या काठ्या धरतील.

पण घरातली धुसफूस पगारावरून नाही, हे मला मागच्या महिन्यात कळलं. आमच्या भावाच्या शेताचा उत्तरेचा धुरा आणि शेजारी, हे प्रकरण अकरा वर्षांचं आहे. लग्नकार्यात एकमेकांना पत्रिका जात नाही. भावाचं म्हणणं, दीड गुंठा गेलाय. पोराच्या हातात यंत्र आल्यापासून तो मागे लागलाय, एकदा मोजून दाखव. पोर नाही म्हणतं. शेवटी भाऊ चिडून म्हणाला, "मंग शिकिवला कशाला तुला?" पोर दोन दिवस घरी जेवलं नाही.

मी विचारलं, का नाही मोजत? कुणाला कळणार आहे, रात्री जाऊन बघ. तर म्हणालं, "काका, साहेबांनी पहिल्या दिवशी सांगितलंय, आपल्या शेतात आपण यंत्र लावायचं नाही. फरक आपल्या बाजूनं निघाला तर कुणी मानत नाही, त्यांच्या बाजूनं निघाला तर आपल्याला सांगवत नाही." मग थोडं थांबून म्हणालं, "आन्‌ एकदा का आकडा कळला, तर आबाला खोटं बोलावं लागंल नाहीतर खरं. मला दोन्ही जमायचं नाही."

मी भावाला फोन केला. सांगितलं, रीतसर अर्ज टाक, मोजणी फी भर, शेजाऱ्यालाही नोटीस जाऊ दे, तिऱ्हाईत माणूस येऊन मोजू दे. डिसेंबर २०२४ पासून नियमित आणि द्रुतगती असे दोनच प्रकार ठेवलेत, घाई असेल तर द्रुतगती घे. पोराला त्या दिवशी शेतात उभाही करू नको. भाऊ म्हणाला, "घरचा सर्व्हेअर असून बाहेरचा आणायचा?" मी म्हणालो, घरचा आहे म्हणूनच. पटलं की नाही माहीत नाही, पण गेल्या आठवड्यात सातबारा काढून आणलाय असं वहिनी म्हणाल्या.

परवान्याचे नियम काहीही होवोत, पोरानं स्वतःपुरती एक वही घातलीय. तारीख, गाव, गट नंबर, मोजणीचा प्रकार, दगड कितव्या फुटावर सापडला, सापडला नसेल तर कशावरून हद्द धरली. एकसष्ट नोंदी झाल्यात. मी त्याला साखळी-आण्यांवरून मीटर काढायचं एक छोटं ॲप करून पाठवलं, गोल आकडेच दाखवणारं. त्यानं थँक्यू म्हणून कळवलं, आणि खाली लिहिलं, "काका, याचं एक पान छापून पाठवा. उन्हात मोबाईल दिसत नाही."